मेंदूतील फुगा, क्लिप आणि डॉ. याशारगिल

“मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा आहे, क्लिप लावावी लागेल,” असे ऐकले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ही शस्त्रक्रिया नेमकी कशी होते हे कळले, तर निर्णय घेणे थोडे सोपे जाते.

फुगा म्हणजे काय?
रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होऊन फुगते. याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो. क्लिप फुग्याच्या मानेवर चिमट्यासारखी बसते. फुग्यात रक्त जाणे थांबते, पण मूळ रक्तवाहिनी चालू राहते.

हे शक्य कसे झाले?
1937 मध्ये अमेरिकेत डॉ. वॉल्टर डँडी यांनी अशी क्लिप प्रथम लावली. मात्र तेव्हा आजच्यासारखा मायक्रोस्कोप नव्हता. तुर्कस्तानात 1925 मध्ये जन्मलेले डॉ. गाझी याशारगिल झुरिकमध्ये न्यूरोसर्जन झाले. चाळिशीत, स्वतः अनुभवी सर्जन असताना, ते अमेरिकेतील व्हर्माँटला डॉ. डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत पुन्हा शिकायला गेले. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने, अगदी लहान रक्तवाहिन्या जोडण्याचा सराव त्यांनी तिथे केला. 1967 मध्ये झुरिकला परतून त्यांनी टाळूच्या त्वचेतील धमनी मेंदूतील धमनीला जोडली. हा मेंदूचा बायपास. मोयामोया आजारात तो आजही उपयोगी पडतो.

पुढे त्यांनी क्लिप सुधारल्या, सर्जनला सहज हलवता येईल असा मायक्रोस्कोप घडवण्यात भाग घेतला आणि देशोदेशीच्या सर्जनना शिकवले. मेंदू कापत न जाता त्याच्या घड्यांमधल्या नैसर्गिक फटींतून वाट काढायची, ही त्यांची शिकवण. 2025 मध्ये त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय विचारावे?
फुगा केवढा आहे, कुठे आहे? क्लिप बरी की मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेले कॉइलिंग? तुमच्या टीमला अशा शस्त्रक्रियांचा किती अनुभव आहे? ऑपरेशननंतर क्लिपचे कार्ड जपून ठेवा. एमआरआयपूर्वी ते दाखवावे लागते. बीपी आटोक्यात ठेवा, तंबाखू आणि सिगारेट बंद करा.

हे विसरू नका
आयुष्यात कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली, सोबत उलटी, मान आखडणे किंवा शुद्ध हरपणे असेल, तर गोळी देऊन वाट पाहू नका. महाराष्ट्रात 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. हात कितीही कुशल असले, तरी पेशंट त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवा.