भाड्यात धरलेली वाफ

न्यूयॉर्कमध्ये भाड्याची जागा शोधायला निघालं की जुन्या इमारतींच्या जाहिरातींत एक ओळ हमखास भेटते: हीटिंग आणि गरम पाणी भाड्यात धरलेलं. विजेचा मीटर मात्र ज्याचा त्याचा, स्वयंपाकाचा गॅसही बहुधा भाडेकरूच्या नावावर. मग तिथल्या हिवाळ्यात जिच्यावाचून चालत नाही ती उष्णताच मालक घरटी न मोजता का देतो? उत्तर भिंतीतल्या पाइपात आहे, आणि ते इतकं देखणं आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

तळघरात बॉयलर पाणी उकळत असतो. एक लिटर पाण्याची साधारण १,६७० लिटर वाफ होते. ही वाफ आपल्याच जोरावर सहाव्या मजल्यापर्यंत चढते; पंप नाही, दाबही अगदी नाममात्र. खोलीत बहुधा खिडकीखाली बिडाचा रेडिएटर उभा असतो. त्याच्या कडेला अंगठ्याएवढी चकचकीत पुंगळी असते. वाफ येऊ लागली की आतली थंड हवा तिच्यातून फुसफुसत बाहेर पडते, आणि वाफ तिथवर पोचली की पुंगळीचं भोक तापून आपोआप मिटतं. कोंडलेली वाफ गार लोखंडाला टेकून पाणी होते. एक किलो वाफ नुसती पाणी होताना ५४० किलोकॅलरी उष्णता देऊन टाकते. तेच पाणी १०० अंशांवरून २० अंशांपर्यंत निवताना जेमतेम ८०. कुकरची वाफ हातावर आली की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते ती यामुळेच.

हे पाणी आलेल्या वाटेनेच खाली उतरतं. एकाच पाइपातून, एकाच वेळी वाफ वर आणि पाणी खाली! म्हणून रेडिएटरचा व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा ठेवायचा, नाही तर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की पाणी अडतं, वाफ त्याला धडका देते आणि कुणी हातोडा मारत असल्यासारखे ठोके घरभर ऐकू येतात. शिवाय हा उभा पाइप एकाखाली एक असलेल्या सगळ्या घरांतून जातो आणि जाता जाता स्वतःही खोल्या तापवतो. त्याच्यावर घरटी मीटर लावणार कुठे? जाहिरातीतली ती ओळ मुळात या पाइपाने लिहिली आहे.

मुंबईकरांना हे अगदीच परकं वाटू नये. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराचा उभा पाइप वेगळा, न्हाणीघराचा वेगळा, संडासाचा आणखी वेगळा. प्रत्येक घराला एकच पाण्याचा मीटर बसायला जागाच नाही. म्हणून सोसायटीचं पाण्याचं बिल एकत्र येतं आणि नळांच्या संख्येवरून वाटलं जातं.

न्यूयॉर्कने या सामाईक उबेला कायद्याचे आकडे दिले आहेत. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान ६८, म्हणजे २० सेल्सियस हवं. रात्री दहा ते सकाळी सहा किमान ६२, बाहेर काहीही असो. मॅनहॅटनमध्ये तर १८८२ पासून वाफ रस्त्याखालच्या नळांतून विकत मिळते. एम्पायर स्टेट बिल्डिंग तिच्यावरच तापते.

आणि तरी भर जानेवारीत या शहरात खिडक्या उघड्या दिसतात! १९१८ च्या फ्लूच्या साथीनंतर मोकळ्या हवेचा आग्रह वाढला. खिडकी उघडी ठेवूनही खोली ऊबदार राहावी अशा हिशेबाने रेडिएटर मोठे बसवले गेले. शिवाय बिल आपलं नसलं की हात सैल सुटतोच. आरिक लेव्हिन्सन आणि स्कॉट नीमन या अर्थतज्ज्ञांना २००४ साली अमेरिकेतल्या घरांबद्दल आढळलं, की ऊर्जेचा खर्च भाड्यात असलेल्या जागांचं भाडं जास्त असतं, पण तो फरक जळलेल्या ऊर्जेच्या किमतीपेक्षा कमी भरतो.

आता क्वीन्समधल्या वुडसाइड हाउसेस या सरकारी वसाहतीत खिडकीत बसणारे, विजेवर खोली तापवणारे हीट पंप लावून पाहिले आहेत. ते भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चालतात. असे पंप खासगी इमारतींत आले, की जी उष्णता शंभर वर्षं तळघरातून येत होती ती भाडेकरूच्या विजेच्या मीटरवर चढेल, आणि मग भाडं तेवढं उतरणार का, हे मालकाला आधीच विचारून घ्यायला हवं.