संत्र्याच्या बागेतून दिसणारा चीन

"वहिनी, बारा-एकसष्ट भेटूनच नाही राहिलं. दुकानदार म्हणते चीनहून माल येणं बंद आहे."

2025 च्या पावसाळ्यात माझ्या दिराचा काटोलहून आलेला हा फोन. आमची थोडी संत्र्याची बाग आहे, ती तेच बघतात. मी नागपुरात राहते आणि आयुष्यभर भूगोल शिकवला. बारा-एकसष्ट म्हणजे पाण्यात विरघळणारं, ठिबकमधून द्यायचं खत. मृग बहाराची फूट आली की झाडाला स्फुरद लागतं, ते यातून मिळतं. असली विद्राव्य खतं आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. त्या उन्हाळ्यात चीनने कुठलीही जाहीर बंदी न घालता, भारताकडे येणारा माल तिकडच्या तपासणीतच अडवून धरला. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा खतं, दुर्मिळ खनिजं आणि बोगदे खोदायची यंत्रं या तिन्हींवरची अडवणूक सैल करू असं त्यांनी सांगितलं. तोवर बहाराचे दिवस निघून गेले होते.

महासत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानवाहू नौका आणि क्षेपणास्त्रं येतात. काटोलच्या शेतकऱ्याला ती ठिबकमध्ये खत सोडायच्या व्हेंचुरीपाशी भेटली. दूरच्या एखाद्या कार्यालयात कुणी एक शिक्का मारायचं थांबवलं आणि इथल्या बहारावर परिणाम झाला. चीन समजून घ्यायचा तर मला याच वाटेने जावंसं वाटतं, कारण संत्रं हे आपल्याला कळणारं पीक आहे आणि चीनचंही ते जुनं पीक आहे.

मी शिकवायला लागले तेव्हा, 1980 च्या सुमारास, चीन आणि भारत यांचं दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखं होतं. भात, सायकली आणि प्रचंड लोकसंख्या, एवढंच पुस्तकात असायचं. आज चीनची अर्थव्यवस्था 18 लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे, आपली 4 लाख कोटींच्या आसपास. 2024-25 मध्ये आपण चीनकडून सुमारे 113 अब्ज डॉलरचा माल घेतला आणि 14 अब्ज डॉलरचा दिला. एवढा फरक एका पिढीत कसा पडला, याची उत्तरं वर्तमानपत्रात दोनच मिळतात. एक म्हणजे तिथे हुकूमशाही आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे ते नक्कल करतात म्हणून. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरं विचार तिथेच थांबवतात.

संत्र्याचंच बघा. 1978 साली सगळ्या चीनमध्ये मिळून संत्री, मोसंबी, लिंबूवर्गीय सगळी फळं चार लाख टनांच्या आतच निघत होती. आता सहा कोटी टन निघतात. आपण दीड कोटी टनांच्या जवळपास आहोत. शेत लहान म्हणून आपलं अडतं, असं आपण नेहमी म्हणतो; चिनी शेतकऱ्याची सरासरी वहिवाट तर आपल्याहून कमी आहे. जमिनीची मालकीही त्याची नाही, ती गावाच्या सामूहिक मालकीची असते आणि कुटुंबाला कसण्याचा करार मिळतो.

त्या कराराची सुरुवात झाली ती एका गावात. आनहुई प्रांतातलं शिआओगांग. 1978 च्या हिवाळ्यात तिथल्या 18 शेतकऱ्यांनी सामुदायिक शेती गुपचूप मोडीत काढली, जमीन घराघरांत वाटून घेतली आणि एका कागदावर अंगठे उठवले. पकडले गेलो तर तुरुंग, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या आठवणीत 1959 ते 1961 चा दुष्काळ ताजा होता. सरकारी धोरणांनी ओढवलेल्या त्या दुष्काळात देशभरात दीड कोटींहून जास्त माणसं मेली असावीत असे कमीत कमी अंदाजही सांगतात. वाटणीनंतरच्या हंगामात धान्य कितीतरी वाढलं. मग डंग शिआओपिंग यांच्या सरकारने तीच पद्धत देशभर नेली. चीनची ही खोड पुढेही दिसत राहते. एखादी गोष्ट कुठेतरी लहान जागी करून बघायची, जमली की काही वर्षांत सगळीकडे एकदम करायची.

गांझोउचं उदाहरण घ्या. जिआंग्शी प्रांताच्या दक्षिणेचा हा डोंगराळ, लाल मातीचा, दरिद्री भाग. 1971 मध्ये तिथल्या एका वनक्षेत्रात बाहेरून आणलेली नेव्हल संत्र्याची दीडशेच्या वर रोपं लावली गेली. फळ चांगलं आलं. शास्त्रज्ञांनी माती, पाऊस, उतार तपासून हा भाग या फळाला योग्य आहे असं सांगितलं, आणि तिथपासून प्रत्येक अधिकाऱ्याचं लक्ष संत्र्यावर. चीनमध्ये जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची बढती बराच काळ त्याच्या भागातलं उत्पादन किती वाढलं यावर ठरत आली आहे. त्यामुळे डोंगरांना पायऱ्या पडल्या, रोपवाटिका आल्या, प्रतवारीची यंत्रं आली, रस्ते आले, आणि पुढे मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकाला पेटी विकण्याची सोयही आली. आज गांझोउ जगातल्या मोठ्या नेव्हल संत्रा पट्ट्यांत मोडतो.

विज्ञान बाजूला चालूच होतं. चोंगचिंगमध्ये 1960 पासून लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. वुहानच्या ह्वाचोंग कृषी विद्यापीठातल्या डंग शिऊशिन यांच्या चमूने 2012-13 मध्ये गोड संत्र्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. चीन आपल्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांहून जास्त रक्कम संशोधनावर घालतो. आपण पाऊण टक्काही नाही. माझ्या मते या सगळ्या आकडेवारीत हाच आकडा सगळ्यांत बोलका आहे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. इस्रायलमध्ये तयार झालेली ओराह नावाची संत्र्याची एक जात आहे. सोलायला सोपी, चवीला फार गोड, आणि इतर संत्री संपल्यावर बाजारात येते. ग्वांग्शी प्रांतात तिने आधी शेतकऱ्यांना भरपूर पैसा दिला. मग जो तो ओराह लावू लागला, काही वर्षांत बागा आडव्यातिडव्या पसरल्या आणि भाव कोसळले. सौर पॅनलचंही हेच झालं. जगातल्या पॅनलनिर्मितीचे जवळजवळ सगळे टप्पे 80 टक्क्यांहून अधिक चीनच्या हातात आहेत. तिथल्या कंपन्या एकमेकींचे भाव पाडत तोट्यात जातात, आणि जास्तीचा माल जगभर स्वस्तात जातो. नागपुरात एखाद्या गच्चीवर पॅनल लावताना जो कमी दर मिळतो, त्यात या चढाओढीचा वाटा आहे. आपले कारखाने त्या दराला का टिकत नाहीत, याचंही कारण तेच.

आणि रोग. संत्र्याची पानं पिवळी पडतात, फळ वेडंवाकडं होतं, झाड काही वर्षांत जातं. आपण त्याला ग्रीनिंग म्हणतो. हा संसर्गाने पसरतो हे 1950 च्या दशकात ग्वांगदोंगमध्ये लिन कोंगशिआंग या चिनी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं. त्यावर औषध नाही. रोगी झाड उपटून जाळायचं. 2013 च्या सुमारास गांझोउमध्ये हा रोग भडकला तेव्हा लाखोंनी झाडं उपटली गेली. एकेका शेतकऱ्याच्या मनाप्रमाणे हे होत नाही. वरून आदेश येतो आणि पाळावाच लागतो. त्यामुळे शेजारची बाग वाचते, हे खरं. पण ज्याची बाग गेली, त्याला सरकारी निर्णयावर जाहीर बोट ठेवायची मुभा तिथे फारशी नसते, हेही तितकंच खरं. तसंच शहरात कामाला गेलेल्या खेड्यातल्या कोट्यवधी माणसांना हुकोउ नावाच्या नोंदणीमुळे शहरी शाळा आणि दवाखान्यांचे पूर्ण हक्क मिळत नाहीत. चीनच्या यशाची किंमत ज्यांनी मोजली ते हे लोक आहेत. त्यांना वगळून चीनची वाहवा करणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, 1985 पासून. तिथले शास्त्रज्ञ रोगमुक्त रोपांसाठी कळकळीने काम करतात. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिका कलमांसाठी प्रसिद्ध आहेत. पण चांगलं कलम घ्यायचं की जत्रेत मिळेल ते, डिंक्या रोग दिसल्यावर काय करायचं, विहीर आटली तर कुणाकडे जायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं. आमच्या दिरांनी मागे एक तुकडा असाच एकट्याने तोडला. काटोल-वरूडच्या पट्ट्यात भूजल इतकं खाली गेलंय की बागा वाळताना बघवत नाहीत. फळ तयार झालं की बहुतेक जण झाडावरच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात, नाहीतर नागपूरला कळमन्याच्या बाजारात लिलाव. एक मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयात शुल्क 2019 मधल्या किलोमागे 20 बांगलादेशी टक्यांवरून 2023 पर्यंत 88 वर नेलं आणि विदर्भाचा भाव पडला. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण झाला. रस्ता आहे, संस्था आहे, नाव आहे. मधली जोडणी नाही, आणि ती जोडणी करण्यातच चीनचं खरं बळ आहे.

चीनशी आपला संबंध बागेपुरताच नाही. नागपूर मेट्रोत बसणाऱ्या किती जणांना माहीत आहे की तिचे डबे चीनच्या दालियन शहरात बनले? नागपूरच्याच मिहान प्रकल्पात डब्यांचा कारखाना काढायचा करार 2016 मध्ये झाला होता. तो कारखाना उभा राहिला नाही. 2020 च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले 20 जवान हुतात्मा झाले, त्यानंतर चिनी गुंतवणुकीची दारं आणखी बंद झाली. शेजाऱ्याचं सैन्य सीमेवर उभं असताना सावध राहणं बरोबरच आहे. पण सावध राहायचं म्हणजे त्याच्याबद्दल अज्ञानी राहायचं, असं कुणी ठरवलं? गुंतवणुकीवर निर्बंध असलेल्या वर्षांतही आपली आयात वाढतच गेली.

आपल्या या शहराने एकेकाळी चीनकडे उलट दिशेने पाहिलं होतं. जपानने चीनवर आक्रमण केलं असताना 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. ते 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले, आणि व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातही फार जणांना ठाऊक नाही. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं चकित होत. त्या डॉक्टरांना चिनी येत नव्हतं, रस्ते माहीत नव्हते, तरी ते गेले आणि तिथल्या लोकांमध्ये राहिले.

आज चीनबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक इंग्रजीतून, अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या नजरेतून. ग्वांग्शीच्या शेतकऱ्याने ओराहचा भाव पडल्यावर काय केलं, गांझोउने रोगानंतर बागा पुन्हा कशा उभ्या केल्या, खताचा कच्चा माल कुठल्या प्रांतातून येतो, हे तिथल्या भाषेत वाचणारा माणूस विदर्भाला हवा आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि नागपूरच्या संत्रा संस्थेने दर वर्षी दोन-चार मुलांना चिनी शिकवून तिकडे अभ्यासाला पाठवावं. आणि ज्यांची मुलं यंदा बारावीनंतर कुठे जायचं याचा विचार करत आहेत, त्या पालकांनी जर्मन-फ्रेंचच्या यादीत चिनीचंही नाव लिहावं.