मोजून घातलेले टाके : उल्हासनगर ते बदलापूर परिसरातील घरगुती भरतकामाचा आढावा

सुई-दोऱ्याने कापडावर नक्षी उमटवण्याच्या पद्धतींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात नक्षी आधी पेन्सिलीने, कार्बन कागदाने किंवा छापा मारून कापडावर उतरवली जाते आणि मग साखळी टाका, उलटी टीप, काश्मिरी टाका अशा टाक्यांनी ती भरली जाते. दुसऱ्या वर्गात कापडावर काहीच काढलेले नसते, ताण्याबाण्याचे धागे मोजत टाका घालायचा असतो आणि मोजणी बरोबर आली तरच नक्षी उमटते. मराठी घरांत क्रॉस स्टिच किंवा फुलीचा टाका या नावाने ओळखले जाणारे भरतकाम दुसऱ्या वर्गात मोडते. एक तिरपा टाका आणि त्याला छेदणारा दुसरा तिरपा टाका एवढेच त्याचे मूळ घटक असल्याने ते शिकायला सोपे आहे, आणि चौकटींच्या कागदावर संपूर्ण नोंदवता येत असल्याने ते दुसऱ्याला देता येते. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांमुळे वाढली, आणि या कुटुंबांसोबत भरतकामाच्या निरनिराळ्या रीतीही येथे आल्या. या रीतींचे मूळ काय, नमुना कसा रचला जातो, कुटुंबात तो कसा वाटला जातो आणि तो टिकावा यासाठी काय करायला हवे, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

परंपरेचे प्रवाह

महाराष्ट्राला सर्वांत जवळची मोजीव भरतकामाची परंपरा कसुतीची आहे. धारवाड आणि आसपासच्या भागात वाढलेल्या या कलेत गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार प्रकारचे टाके वापरले जातात. गवंतीत धावदोरा एकदा पुढे व एकदा मागे घालून सलग रेषा तयार होते, मुर्गीत तीच रेषा पायऱ्यांसारखी तिरपी चढते, नेगीत लांब-आखूड धावदोऱ्यांनी विणल्यासारखा पोत येतो आणि मेंथीत फुल्या घालून आकार भरला जातो. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन ही कसुतीची नेहमीची चिन्हे आहेत. १९५६च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत धारवाड, बेळगाव आणि विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यातच होते, आणि ज्यावर कसुती भरली जाई ते इरकली लुगडे तर सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांतील बायकांच्या नेहमीच्या वापरातले होते, त्यामुळे ही नक्षी मराठी घरांना परकी राहिली नाही.

दुसरा प्रवाह युरोपातून आला. इंग्लंडमध्ये मुली निरनिराळे टाके, अक्षरे व आकृत्या एकाच कापडावर भरून ठेवत आणि त्या कापडाला सॅम्पलर म्हणजे नमुनापट म्हणत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालाची नोंद भरलेला असा एक पट आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने छापून विकले जाऊ लागले, आणि ज्या घरात कोणालाही चित्र काढता येत नव्हते त्या घरातही फुलाफळांची भरजरी चित्रे तयार होऊ लागली. हिंदुस्थानात मिशनऱ्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळांत शिवण आणि भरतकाम शिकवले जाई. पुढे १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांच्या शिक्षणात हस्तकलेला स्थान दिले, १९३०मध्ये निघालेल्या ‘स्त्री’ मासिकासारख्या नियतकालिकांच्या काळात छापील नमुने मध्यमवर्गीय घरांत पोहोचले आणि शाळेतील कार्यानुभवाच्या तासाने मुलामुलींच्या हाती सुई दिली.

तिसरा प्रवाह सिंधमधला आहे. सिंधी टाका किंवा हुरमुच या प्रकारात आधी एकमेकांना छेदणाऱ्या धाग्यांची जाळी कापडावर आखली जाते आणि मग सुई कापडात न टोचता त्या जाळीच्या खालून-वरून ओवत नेली जाते, त्यामुळे दोरा बहुतांशी वरच्या बाजूला राहतो आणि एकात एक गुंफलेली चौफुली तयार होते. सिंधमधील रल्ली ही जुन्या कापडांचे थर आणि रंगीत तुकडे धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेली रजई महाराष्ट्रातील गोधडीच्या फार जवळची आहे. जुने लुगडे वाया न घालवता त्यातून ऊब निर्माण करायची, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

तीन शहरांची घडण

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत संसार मांडलेल्या कुटुंबांनी पापड लाटण्यापासून कपडे शिवण्यापर्यंत अनेक उद्योग घरातूनच सुरू केले. आजही पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे कॅम्प हीच शहराची ओळख आहे, जीन्स शिवण्याचा धंदा येथे मोठा आहे, आणि जपानी बाजार व गजानन मार्केट ही नावे कापडाच्या खरेदीसाठी दूरवर ठाऊक आहेत. भरतकाम करणाऱ्या घराला कापड, अस्तर, लेस, मणी आणि दोरा हाताशी असणे किती महत्त्वाचे असते हे लक्षात घेतले, म्हणजे या बाजारपेठेचे हस्तकलेतील स्थान समजते.

अंबरनाथमध्ये विमकोचा काडेपेटीचा कारखाना, आयुध निर्माणी आणि नंतरची औद्योगिक वसाहत यांमुळे राज्याच्या व देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार-कुटुंबे आली. याच गावात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. त्याच्या भूमिज शैलीच्या शिखरावरील उभ्या पट्ट्यांत गवाक्षांची जी दगडी जाळी कोरलेली आहे, तिचा एक छोटा आकार ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो, आणि मोजीव भरतकामाचे तत्त्वही हेच आहे. घरी नमुना रचणाऱ्याला परक्या देशातील झोपड्यांची व हंसांची छापील चित्रे गिरवण्यापेक्षा चालत जाऊन पाहता येईल असे हे शिल्प अधिक मोलाचे आहे.

बदलापूरला गिरगाव, दादर, परळ, डोंबिवली येथून परवडणारे घर शोधत आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटरवर आहे, त्यामुळे नोकरदार स्त्रीचे दररोजचे काही तास लोकलमध्ये जातात. महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळाल्यावर क्रोशाची सुई किंवा विणकाम बाहेर काढण्याची पद्धत जुनीच आहे. पर्समध्ये मावणाऱ्या ६ इंची रिंगवर ताणलेले फुलीच्या टाक्याचे कापडही या प्रवासाला सोयीचे असते.

देण्याघेण्याचे प्रसंग

मराठी कुटुंबात हाताने केलेली वस्तू देण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. बाळाच्या जन्मानंतर आजी, मावशी आणि आत्या मिळून जो बाळंतविडा देतात, त्यात झबली, टोपडी, दुपटी आणि गोधडी यांबरोबर कुंची असते. कुंची म्हणजे डोक्यापासून पाठीपर्यंत बाळाला झाकणारे टोपीवजा वस्त्र, आणि तिच्या काठावर भरलेली नक्षी हा बाळाला मिळणारा पहिला दागिना म्हणावा लागेल. लग्नातील रुखवतात एके काळी दुसुतीवर म्हणजे ताण्याबाण्यात दुहेरी धागा असलेल्या जाडसर कापडावर भरलेले टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे आणि ताटावरचे रुमाल मांडले जात. गौरी-गणपतीच्या सजावटीतील आसने, दारावरची मण्यांची किंवा भरलेली तोरणे, दिवाळीच्या आकाशकंदिलाचे घरी कापलेले कागद आणि भाऊबीजेला दिलेला रुमाल हेही याच व्यवहाराचे भाग आहेत.

या वस्तूंची किंमत बाजारभावाने ठरत नाही, कारण देणारी व्यक्ती त्यात आपला वेळ देत असते. ७० बाय ७० चौकटींचा पूर्ण भरलेला नमुना घेतला तर त्यात ४,९०० फुल्या येतात, आणि प्रत्येक फुली कोणासाठी तरी घातलेली असते. बचत गटांच्या आणि १९७५मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या प्रयत्नांनी घरगुती हस्तकलेला विक्रीची वाट मिळाली हे मोलाचे आहे. तरीही विक्रीसाठी केलेले काम आणि नात्यासाठी केलेले काम यांची मोजमापे वेगळी ठेवावी लागतात, नाही तर यंत्रावर झालेल्या भरतकामाशी किमतीत स्पर्धा करता करता घरातले कामही बंद पडते.

नमुना रचण्याची रीत

फुलीच्या टाक्यासाठी आज आयडा नावाचे जाळीदार विणीचे कापड वापरतात आणि त्याची प्रत इंचामागच्या चौकटींवरून ठरते. १४ काउंटच्या कापडात एका इंचात १४ फुल्या बसतात. समजा, ४२ चौकटी रुंद आणि ५६ चौकटी उंच असे तुळशीवृंदावन कागदावर आखले, तर ते अशा कापडावर ३ बाय ४ इंचांचे होईल, आणि चारही बाजूंनी २ इंच मोकळे सोडायचे असल्यास कापड ७ बाय ८ इंचांचे लागेल. ज्येष्ठांच्या डोळ्यांना किंवा लहान मुलांच्या हातांना बारीक जाळी अवघड जात असेल, तर ११ काउंटचे कापड घ्यावे, नमुना तोच राहतो आणि फक्त आकार वाढतो. भरताना सहा पदरी लडीतील दोन पदर वेगळे काढून हातभर दोरा बोथट टोकाच्या सुईत ओवतात आणि कापडाच्या मध्यापासून सुरुवात करतात, म्हणजे नक्षी एका बाजूला सरकत नाही.

नवा नमुना रचण्यासाठी अंगणातील ठिपक्यांची रांगोळी हे मराठी घरातील सर्वांत समृद्ध भांडार आहे. ओळीखाली ओळ अशा सरळ ठिपक्यांची रांगोळी चौकटीच्या कागदावर जशीच्या तशी उतरते. दोन ठिपक्यांच्या मधोमध पुढच्या ओळीचा ठिपका येणाऱ्या रांगोळीत मात्र रेषा ६० अंशांत कलतात, आणि फुल्यांची साधी तिरपी ओळ ४५ अंशांत जाते, त्यामुळे तशीच नक्कल केली तर सहा पाकळ्यांचे फूल चपटे दिसते. अशा वेळी एक चौकट आडवी आणि दोन चौकटी उभ्या या प्रमाणात रेषा चढवली, तर कल सुमारे ६३ अंशांचा होतो आणि मूळ आकाराचा तोल राहतो. चारही बाजूंनी सारख्या रांगोळीचा केवळ पाव भाग आखून ठेवला तरी उरलेली नक्षी त्यावरून मोजता येते.

नावे आणि तारखा भरताना देवनागरीचा वेगळा विचार करावा लागतो, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा व वेलांटी आणि अक्षराखाली उकार यांना जागा लागते. शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ७, वर ३ आणि खाली ३ अशा १४ चौकटी धरल्या, तर १४ काउंटच्या कापडावर एक ओळ बरोबर एक इंच उंच येते. इंग्रजी अक्षरांचे तयार तक्ते सगळीकडे मिळतात, म्हणून मराठी घरातल्या बाळाचे नावही पुष्कळदा रोमन लिपीत भरले जाते. प्रत्येक घराने आपला देवनागरी तक्ता एकदा आखून ठेवला, तर ही उणीव सहज भरून निघेल.

छायाचित्रावरून फुल्यांचा नमुना तयार करून देणारी साधने आता मोबाइलवर आहेत, परंतु ती एका चेहऱ्यासाठी डझनावारी रंगछटा सुचवतात. मोठ्या कंपन्यांच्या लड्यांत सुमारे ५०० छटा मिळत असल्या, तरी घरगुती नमुना १० ते १२ रंगांत बसवणे हेच खरे रचनेचे कौशल्य आहे, कारण मर्यादित रंगांमुळे आकार ठळक होतो, खर्च आटोक्यात राहतो आणि तोच नमुना दुसऱ्या बहिणीला किंवा भाचीला पुन्हा भरता येतो. दुसऱ्याने रचलेला विकत घेतलेला नमुना मात्र सर्रास वाटणे योग्य नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात रेखाटन ही कलाकृती मानली जाते आणि तिचे संरक्षण कलावंताच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकते. मोकळेपणाने वाटायचे असेल तर स्वतःचा नमुना रचणे हाच सरळ मार्ग आहे.

एकत्र भरणे आणि जपणे

एकच पट घरातल्या अनेकांनी भरायचा असेल, तर एक नियम आधी ठरवावा लागतो : प्रत्येक फुलीतील वरचा टाका एकाच दिशेने पडला पाहिजे. दोघींनी उलटसुलट दिशा धरल्या तर दोऱ्यावरचा उजेड वेगळा परततो आणि एकाच रंगाचे दोन रंग दिसतात. मोठी माणसे मध्य भरतील, मुले काठाची सरळ ओळ भरतील, आणि सुई धरता न येणारी आजी चौकटी मोजून सांगेल, अशी वाटणी केली की नमुना वाचण्याची विद्या पुढच्या पिढीला आपोआप मिळते.

भरलेले कापड टिकवण्याच्या रीती साध्या आहेत. लाल आणि गडद निळ्या दोऱ्याचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीने आधी तपासावे, साबण सौम्य वापरावा, कापडाची घडी न घालता गुंडाळी करावी आणि प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात ठेवावी. या परिसरात पावसाळा जोरदार असतो, ट्रंकेतल्या कापडाला बुरशी लवकर लागते, आणि २००५ तसेच २०१९च्या जुलैमध्ये उल्हास नदीच्या पुराचे पाणी बदलापूर परिसरातील घरांत शिरले होते. वस्तू नष्ट होऊ शकते, ही शक्यता धरूनच वारशाचा विचार करायला हवा.

म्हणूनच केवळ वस्तू जपणारे घर वारसा अर्धाच जपते. रुखवतातला टेबलक्लॉथ उरतो, पण तो कोणी रचला, किती चौकटींचा, कोणत्या रंगांत, हे कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि तो विरला की नक्षीही संपते. नमुना कागदावर असेल, तर तोच टेबलक्लॉथ दुसऱ्या शहरात, दुसऱ्या पिढीत पुन्हा उभा राहतो. सिंधी टाका, कसुतीची मेंथी, शाळेत शिकलेली फुली आणि कोकणातल्या आजीची गोधडी या सगळ्या रीती उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या घरांत शेजारीशेजारी राहत आल्या आहेत, आणि त्यांची नोंद घरच्यांनीच ठेवायला हवी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत वाचकांनी घरातले एक जुने भरतकाम बाहेर काढावे, त्याच्या चौकटी मुलांकडून मोजून घ्याव्यात, नमुना कागदावर उतरवावा, खाली रचणारीचे नाव, साल आणि गाव लिहावे, आणि त्याची एकेक प्रत बहिणीला, नणंदेला व शेजारणीला द्यावी.