पासवर्ड आठवतोय तोवरच करायचं काम

घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरला की बरेच जण तो उचलून थेट दुरुस्तीच्या दुकानात नेतात. तिथे विंडोज नव्याने टाकून मिळतं, पण बॅकअप नसेल तर फोटो आणि कागदपत्रं गमावण्याची वेळ येऊ शकते. हे टाळायची सोय विंडोजमध्ये एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. तिचं नाव पासवर्ड रिसेट डिस्क. अट एकच, पासवर्ड आठवत असतानाच ती करून ठेवावी लागते.

आधी आपलं अकाउंट कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘युअर इन्फो’ उघडा. नावाखाली ‘लोकल अकाउंट’ लिहिलेलं असेल तरच ही डिस्क उपयोगाची. तिथे ईमेल पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहे. त्याचा पासवर्ड मोबाइलवरूनही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जाऊन बदलता येतो.

डिस्क करायला एखादा जुना, कमी क्षमतेचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर आधीपासून असलेलं काही पुसलं जात नाही. तो लावा, कंट्रोल पॅनेलमधलं ‘यूजर अकाउंट्स’ उघडा आणि डावीकडच्या ‘क्रिएट अ पासवर्ड रिसेट डिस्क’वर क्लिक करा. पेन ड्राइव्ह निवडायचा, सध्याचा पासवर्ड टाकायचा, झालं. पेन ड्राइव्हवर ‘यूजरकी डॉट पीएसडब्ल्यू’ नावाची इवलीशी फाइल तयार होते.

या फाइलमध्ये तुमचा पासवर्ड नसतो. विंडोज दोन किल्ल्यांची जोडी बनवतं. एक कॉम्प्युटरवरच राहते आणि तिने पासवर्ड कुलूपबंद करून तिथेच ठेवला जातो. दुसरी पेन ड्राइव्हवर जाते, आणि ते कुलूप फक्त तिनेच उघडतं. दाबलं की बंद होणारं कुलूप असतं ना, तसंच हे. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. म्हणूनच पुढे पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी नवी डिस्क करावी लागत नाही. नवा पासवर्डही त्याच कुलपात जातो.

विसरलात तर एकदा चुकीचा पासवर्ड टाका. खाली ‘रिसेट पासवर्ड’ दिसेल. पेन ड्राइव्ह लावून त्या पर्यायावर क्लिक करा आणि नवा पासवर्ड द्या. घरातल्या दुसऱ्या कुणाकडे अॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट असेल तर तेही तुमचा पासवर्ड बदलू शकतात, पण तो मार्ग नुकसानीचा आहे. विंडोजने साठवलेले पासवर्ड आणि प्रो आवृत्तीत एन्क्रिप्ट केलेल्या फायली जुन्या पासवर्डच्या आधारानेच उघडतात. तो डावलून नवा बसवला की त्या बंदच राहतात. डिस्कने मात्र जुना पासवर्ड आधी सोडवून घेतला जातो, त्यामुळे सगळं जागच्या जागी राहतं. माझ्या मते डिस्क करून ठेवण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

मर्यादाही लक्षात घ्या. ही डिस्क त्याच कॉम्प्युटरवरच्या त्याच अकाउंटला चालते. घरात चार अकाउंट असतील तर प्रत्येकाने आपापली करावी. विंडोज नव्याने टाकलं की जुनी डिस्क बाद. बिटलॉकर या विंडोजच्याच एन्क्रिप्शन सुविधेने कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुलूपबंद झाली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, तिथे या पेन ड्राइव्हचा उपयोग नाही.

आणि हा पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचा पासवर्ड माहीत असायची गरज उरत नाही. तो लॅपटॉपच्या बॅगेत कधीच ठेवू नका. वर नाव लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा. हरवला तर लगेच दुसरी डिस्क करा, म्हणजे आधीची आपोआप निकामी होते. हे पाच मिनिटांचं काम आहे, घरच्या कॉम्प्युटरवर लोकल अकाउंट असेल तर ते आजच करून टाका.