थंड सकाळ, तापलेला घाट आणि ब्रेक पॅड

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं की 40 किलोमीटरच्या आसपास गाडी सुमारे 1300 मीटर खाली येते. चार माणसांसकट 1300 किलो भरणारी हॅचबॅक असेल, तर एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा म्हणजे ताशी 100 किलोमीटरवरून गाडी 33 वेळा पूर्ण उभी करण्याइतकी. तिचा बराच वाटा टायर, वारा आणि इंजिन उचलतात. उरलेली बहुतेक सगळी पुढच्या दोन चाकांतल्या, तळहातावर मावतील अशा चार पॅडांच्या माथी येते आणि तिची उष्णता होते.

रविवारी घाटात जरा मनासारखी गाडी चालवायची आणि सोमवारी तीच गाडी ऑफिसला न्यायची, अशा माणसाने पॅड बदलताना कुठले घ्यावेत, हे विचारायला गेलं की गॅरेजमध्ये जितकी माणसं तितकी मतं. त्यातली बरीच ऐकीव.

“रेसिंगचे पॅड टाका, गाडी जागेवर थांबेल”

मी टाकले होते. डिसेंबरातली सकाळ, सोसायटीच्या पार्किंगमधून वर येणारा छोटा चढ, पुढे गेट. नेहमीच्या अंदाजाने ब्रेक दाबला, तर गाडी विचार करत असल्यासारखी पुढेच सरकत राहिली. दुधाच्या क्रेटपासून हातभर अंतरावर थांबली. दूधवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. त्याच रविवारी ताम्हिणीच्या उतारावर मात्र त्या पॅडांना तोड नव्हती.

पॅडात काही बिघाड नव्हता. ट्रॅकसाठी बनवलेला पॅड काही शे अंश तापल्यावरच नीट धरतो. गार असताना तो डिस्कवर नुसता घसरतो, किंचाळतो आणि डिस्क खरवडतो. वर्षातले 300 दिवस गल्ली, सिग्नल आणि गेट, घाट फार तर 10 दिवस. म्हणजे पॅड बहुतेक वेळ गारच असणार.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून एकदा ब्रेक जोरात दाबा. पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, तर पॅडाची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. चांगला पॅड पहिला ब्रेक लहान करत नाही. दहावा ब्रेक पहिल्यासारखा लागावा, हे त्याचं काम. टायर गोटा झाले असतील तर पॅडचे पैसे आधी तिकडे घाला.

“पॅडवर एफएफ छापलंय, म्हणजे माल अस्सल”

पॅडच्या कडेला किंवा पाठीमागे आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. ती दर्जाची खूण नाही. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं पॅड चांगला तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, समजा ‘एफई’, तर तापल्यावर पॅड ढिला पडतो. घाटवाल्याला एवढी माहिती कामाची आहे.

पण एका अक्षराच्या पोटात केवढं मावतं ते बघा. 0.36 चा पॅड ‘एफ’ आणि 0.44 चाही ‘एफ’. पायाला हा फरक चांगलाच कळतो. शिवाय ‘साधारण’ म्हटलेलं मोजमाप साधारण 93 ते 204 अंश सेल्सिअसमध्ये घेतलेलं असतं. माझ्या गेटजवळचा प्रसंग त्या परीक्षेत आलाच नसता. दोन अक्षरांत पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, किती ओरडेल यातलं काहीही नसतं.

त्यापेक्षा मला गोलातला ‘ई’ आणि त्याच्यासोबतचा ‘90 आर’ हा युरोपीय नियमाचा शिक्का जास्त भरवशाचा वाटतो. बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या 15 टक्के खाली-वर एवढ्याच हद्दीत असावं, अशी त्याची अट आहे. गाडीचे पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांशी जुळवूनच बनवलेले असतात, तेव्हा ही अट शहाणपणाची आहे.

“सिरॅमिक म्हणजे सगळ्यात भारी”

महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आणि दुकानातले सिरॅमिक पॅड यांचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. सिरॅमिक पॅड शांत असतो, त्याची भुकटी फिकट आणि कमी, आणि डिस्कला तो सौम्य. दर रविवारी अलॉय व्हील पुसणाऱ्यांसाठी तो आहेच. सेंद्रिय पॅड गार असताना गोड लागतो, पण लवकर दमतो. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा वाटा मोठा, म्हणून तो उष्णता जास्त सोसतो. त्या बदल्यात काळी भुकटी, थोडी कुरकुर आणि डिस्कची जास्त झीज.

घाट आणि ऑफिस दोन्ही करणाऱ्याने, माझ्या मते, रस्त्यासाठीच बनवलेला, धातूचा मध्यम अंश असलेला पॅड घ्यावा. पाकिटावर तापमानाचा पल्ला छापलेला असेल तर वरच्या आकड्याला भुलू नका, खालचा आधी वाचा.

“घाटात ब्रेक गेले, म्हणजे पॅड खराब”

हे गेलेले ब्रेक दोन तऱ्हेचे असतात आणि कुठले ते पायाला कळतं. पेडल टणक आहे, जीव खाऊन दाबताय, तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर दोष पॅडचा. पॅडातला माल राळेने बांधलेला असतो. साधा पॅड साधारण 300 अंशांच्या पुढे गेला की राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड ओसरते.

पेडल मऊ पडून खाली खाली जात असेल तर पॅड निर्दोष आहे, ब्रेक ऑइल उकळलंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर वाफ दाबण्यातच संपतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रकारच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना 230 अंश असतो, आणि पुरेसं पाणी प्यालं की 155 अंशांवर येतो. कोकणात दोन पावसाळे काढलेलं, कधीच न बदललेलं ऑइल घालून महागातले पॅड लावणं म्हणजे भिंती ओल्या असताना रंग काढण्यासारखं. माझा हिशेब सोपा आहे: ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, एअर नीट काढून घ्यायची, मग पॅडचं बघायचं. पॅड झिजून पातळ झाला की त्याच्या आडून ऑइलकडे जास्त उष्णता जाते, हेही याच खात्यातलं.

उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, ही समजूत तर पॅडच्या मुळावरच येते. फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलं जातं. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला ते लागतंच. वर इंजिनाने उचलायचा भारही सगळा ब्रेकवर.

ब्रेकचं अस्तर हे मुळात उतारांचंच अपत्य. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूडने 1897 साली घर्षणाचं अस्तर करायला घेतलं ते डोंगरउतारावरच्या घोडागाड्यांसाठी. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एक ‘ई’ मिसळून उलटसुलट केलं की ‘फेरोडो’ हे त्याच्या ब्रेक कंपनीचं नाव होतं.

“स्टिअरिंग थरथरतंय, डिस्क वाकडी झाली”

खरोखर वाकलेली डिस्क क्वचितच सापडते. बहुतेकदा पॅडचा माल डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ चिकटलेला असतो. घाट उतरून गरम डिस्कवर पॅड घट्ट दाबून पॉइंटवर उभं राहिलं, की तिथे पॅडचा छापच उमटतो. नवे पॅड बसवून लगेच तुडवले तरी हेच. म्हणून पॅड आधी रुळवायचे: मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 15-20 पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता थंड होऊ द्यायचे. पाकिटावर वेगळी रीत दिली असेल तर ती पाळा. गॅरेजवाला डिस्क लेथवर मारायला निघाला तर आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचायला सांगा.

आवाजाचंही तसंच. काही पॅडांना पत्र्याची जीभ असते, माल संपत आला की ती डिस्कला लागून चिरकते. पण सगळ्या पॅडांना ती नसते, तेव्हा शांतता म्हणजे शाबूत पॅड असं नाही. माल 3 मिलिमीटरवर आला की बदला, आणि एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम. जुनी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, कारण जुन्या किंवा स्वस्त अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

परवा माझ्या मेकॅनिकने पॅड काढून बाकड्यावर जोडीने मांडले. डाव्या चाकाचा आतला 3 मिलिमीटर उरलेला, बाहेरचा 7. मी लगेच नव्या कंपनीचं नाव काढलं. त्याने कॅलिपरची पिन चिमटीत धरून हलवून दाखवली. हलेना. “पॅडला काय नावं ठेवताय? ही गंजून बसलीय,” म्हणाला, आणि पॉलिश पेपर घेऊन ती घासायला बसला.