चुन्याच्या निवळीतला मका

अमेरिकेतल्या शिकागो शहरात पिल्सन नावाची वस्ती आहे. नाव चेक लोकांनी ठेवलेले, कारण एकोणिसाव्या शतकात तेच तिथे येऊन राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मेक्सिकन लोकांची वस्ती झाली. अशा वस्त्यांत 'तोर्तियेरिया' नावाची छोटी दुकाने असतात. मक्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे तोर्तिया, तिथे करतात आणि विकतात. पुढे दोन-चार टेबले, काउंटरवर कागदात गुंडाळलेल्या गरम पोळ्या, आणि मागच्या बाजूने येणारा एक वास. हा वास भाजलेल्या कणसाचा नाही आणि मक्याच्या भाकरीचाही नाही. त्यात मातीसारखे आणि किंचित चुना लावलेल्या ओल्या भिंतीसारखे काहीतरी असते.

परदेशात गेलेल्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की निरनिराळ्या देशांचे अन्न समजून घ्यायचे असेल तर मोठ्या हॉटेलांपेक्षा अशा लहान खाणावळी आणि दुकाने गाठा. स्वस्त असते हे एक कारण आहेच. पण मोठ्या हॉटेलात केवळ तयार पदार्थ पुढे येतो, लहान दुकानात तो करण्याची रीतही दिसते. काय भिजत घातले आहे, काय धुऊन टाकले जाते, रात्रभर कशावर झाकण आहे, हे विचारले की सांगणारा माणूसही समोरच असतो. तोर्तियेरियातल्या त्या वासामागे रसायनशास्त्राचा एक सुंदर धडा आहे, आणि ज्यांना तो मिळाला नाही अशा लाखो लोकांची एक दुःखद कहाणीही आहे.

चुना काय करतो?

तोर्तियासाठी मका कोरडा दळत नाहीत. वाळलेले दाणे चुना घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. प्रमाण साधारण शंभर भाग मक्याला एक भाग चुना आणि तिप्पट पाणी. सकाळी पाणी ओतून देऊन दाणे चोळून धुतात, टरफले निघून जातात, आणि उरलेले ओले दाणे वाटून त्याचा गोळा करतात. आज पुष्कळ दुकानांत तयार पीठ वापरतात, पण तेही चुन्यात शिजवलेल्या मक्याचेच असते. या क्रियेचे नाव नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतून आले आहे: निश्तमाल. त्यातला पहिला भाग 'नेश्तली' म्हणजे राख, कारण चुन्याऐवजी राखेचे पाणीही वापरले जात असे. ही रीत किमान तीन हजार वर्षे जुनी असावी, असे ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावरील उत्खननांतून दिसते.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरमागे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास; आणि मिठासाखरेच्या उलट, पाणी तापवले की आणखी कमी. तरीही या निवळीचा सामू बाराच्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात टरफलाच्या पेशींना जोडून ठेवणारे हेमिसेल्युलोज विरघळू लागते आणि टरफल सुटते. दाण्यातले पिष्ट थोडेसे फुगते, काही कॅल्शियम आत शिरते, आणि वाटल्यावर चिकटून राहणारा गोळा तयार होतो. नुसत्या मक्याच्या पिठात थंड पाणी घालून पोळी लाटून पाहा, ती तुटते. मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते. आपल्याकडे ज्वारीच्या पिठाला गरम पाणी घालून मळतात, कारण उष्णतेने पिष्ट फुगून पीठ धरून राहते. मेक्सिकोतल्या बायकांनी तेच काम चुन्याकडून करून घेतले. वासाबद्दल सांगायचे तर, दाण्यातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन होऊन २-अमिनोअ‍ॅसिटोफिनोन नावाचे संयुग बनते. त्याचा मागमूसही नाकाला कळतो, आणि तोर्तियाची ओळख त्याच्यातच आहे.

पण खरी महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना, नाकाला वा जिभेला कळत नाही. मक्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, असते. मात्र त्यातले बरेचसे मोठ्या कर्बोदकांना एस्टर बंधाने जखडलेले असते. आपल्या आतड्यांतील विकरांना हे बंध तोडता येत नाहीत, त्यामुळे पोटात गेलेले नायसिन तसेच बाहेर पडते. अल्कधर्मी पाण्यात शिजवले की हे बंध तुटतात आणि नायसिन मोकळे होते. रात्रभर भिजवणाऱ्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. टरफल निघते, पोळी चांगली होते, एवढ्यासाठीच ते चुना घालत असणार.

मका गेला, चुना मागे राहिला

सोळाव्या शतकात मका अमेरिकेतून युरोपात गेला. दाणे गेले, पेरणी गेली, पण चुन्यात शिजवण्याची रीत गेली नाही. याचे एक सरळ कारण असे की युरोपात पवनचक्क्या आणि पाणचक्क्या होत्या. टरफलासकट कोरडा मका तिथे सहज दळला जाई. दगडी पाट्यावर हाताने वाटणाऱ्यांना जी अडचण होती ती युरोपीय शेतकऱ्याला नव्हतीच. अनावश्यक वाटलेली पायरी गळून पडली.

स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातील वैद्य गास्पार कासाल याने १७३५ साली गरीब शेतकऱ्यांमधल्या एका विचित्र रोगाचे वर्णन केले. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन सोलते, हातांवर आणि गळ्याभोवती पट्टे उमटतात. पुढे जुलाब, मग बुद्धिभ्रम आणि अखेर मृत्यू. १७७१ साली इटलीत फ्रापोल्ली याने त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव वापरले. उत्तर इटलीतील गरिबांचे जेवण म्हणजे पोलेंता: मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि बरेचदा त्याखेरीज दुसरे काही नाही. रोग मक्याशी संबंधित आहे हे लोकांच्या ध्यानात आले होते, पण दोष सडक्या मक्यातील विषाचा की कशाचा यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. ज्या मेक्सिकोतून मका आला तिथला गरीबही मकाच खात होता, आणि तिथे हा रोग जवळजवळ नव्हता. तिथल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहण्याची गरज मात्र विद्वानांना फारशी वाटली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साथीसारखा पसरला. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे एक लाख दगावले, असा अंदाज दिला जातो. कापसाच्या शेतांवर आणि गिरण्यांत राबणाऱ्यांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, काकवी आणि चरबीदार डुकराचे मांस. त्यात नव्या गिरण्या दाण्यातला अंकुर काढून टाकू लागल्या होत्या, कारण अंकुरातल्या तेलामुळे पीठ खवट होते. पीठ टिकाऊ झाले आणि आणखी निकस झाले.

१९१४ साली सरकारी आरोग्य सेवेने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला या कामावर नेमले. त्याने अनाथालये आणि वेड्यांची इस्पितळे पाहिली आणि एक साधे निरीक्षण नोंदवले: तिथल्या रहिवाशांना पेलाग्रा होतो, नोकरांना आणि परिचारिकांना होत नाही. जंतूंचा रोग असा माणसे निवडून होत नाही. मिसिसिपीतील अनाथालयांत त्याने मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस व शेंगवर्गीय धान्ये वाढवली आणि रोग नाहीसा झाला. उलटा पुरावाही हवा होता. १९१५ साली एका तुरुंग-शेतीवर, शिक्षेत माफी मिळेल या अटीवर स्वेच्छेने तयार झालेल्या अकरा कैद्यांना त्याने मका, पांढरे पीठ, तांदूळ, साखर असा आहार दिला. काही महिन्यांत अकरापैकी सहा जणांच्या कातडीवर पेलाग्राची खूण उमटली. आज अशा प्रयोगाला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. तरीही जंतूंचा सिद्धांत सोडायला लोक तयार नव्हते, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गरने, त्याच्या पत्नीने आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त टोचून घेतले आणि त्यांच्या कातडीचे पापुद्रे, मलमूत्र गोळ्यांत भरून गिळले. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

उणीव नेमकी कशाची हे समजण्याआधीच, १९२९ साली, तो वारला. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी दाखवले की कुत्र्यांमधला तत्सम रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजेच नायसिनने, बरा होतो. पुढे हेही कळले की आपले शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायसिन तयार करते, साधारण साठ मिलिग्रॅमपासून एक. दूध-अंड्यांत नायसिन फारसे नसूनही ती का उपयोगी पडली याचे उत्तर यात आहे. मक्यात हे अमिनो आम्लही कमीच, म्हणजे दोन्ही दारे बंद. पंजाबात मक्याची रोटी खाल्ली जाते ती ताक, दूध, डाळ आणि पालेभाजीबरोबर, म्हणून तिथे चुन्यावाचून अडत नाही. रोग मक्याचा नव्हे, मक्यावाचून दुसरे काही न मिळण्याचा आहे.

ज्वारीचे कोडे

पेलाग्रा आपल्या दख्खनलाही अनोळखी नाही. हैदराबाद परिसरात मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये तो आढळला. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते, मग हा रोग का? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मांडले की ज्वारीतले ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असल्याने ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या क्रियेत अडथळा येतो. पुढच्या प्रयोगांनी या कल्पनेला सरसकट दुजोरा दिला नाही, आणि ती सर्वांना मान्य झालेली नाही. डाळ, दूध आणि भाजी जिथे भाकरीबरोबर ताटात असते तिथे हा प्रश्न उद्भवत नाही, एवढे निश्चित.

आणखी दोन काउंटर

गोल्डबर्गर मूळचा हंगेरीकडचा. लहानपणी तो आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आला, आणि तिथल्या ईस्ट साइड भागात वडिलांचे किराणा दुकान होते. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांच्या याच वस्तीत 'डेली' नावाची दुकाने वाढली. डेली हे डेलिकेटेसन या जर्मन वळणाच्या शब्दाचे लघुरूप. तिथे मुरवलेले मांस, खारवलेले मासे आणि आंबट काकड्या मिळतात. शाकाहारी माणसाने काकड्यांपासून सुरुवात करावी. त्यांत व्हिनेगर नसते. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या काकडीवरचे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू साखरेचे आम्ल करतात. मीठ इतर जिवाणूंना आवर घालते. चार दिवसांची काकडी हिरवीगार आणि करकरीत, काही आठवड्यांची फिकट आणि आंबटढाण. एकाच काउंटरवर दोन्ही ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रयोगाच्या दोन अवस्था शेजारी शेजारी.

तिथल्या पास्त्रामीचे, म्हणजे मुरवून धुरावलेल्या गोमांसाचे, गुलाबीपण शिजवल्यावरही जात नाही. पूर्वी मांस मुरवताना मिठाबरोबर सोरा घालत, आता थेट नायट्राइट घालतात. सोऱ्याचेही जिवाणूंमुळे नायट्राइटच होते. त्यातून निघालेला नायट्रिक ऑक्साइड स्नायूंतील मायोग्लोबिनला जोडला जाऊन तो रंग देतो. नायट्राइट बोट्युलिझमच्या जिवाणूंनाही वाढू देत नाही, आणि हे विष जिवावर बेतणारे असते. पण जुनी रीत म्हणून डोळे झाकून गौरव करू नये. नायट्राइटपासून नायट्रोसअमाइन्स ही घातक संयुगे बनू शकतात, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. चुन्याने केवळ फायदा केला, सोऱ्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

वॉशिंग्टनमधल्या इथिओपियन खाणावळींत मिळणारी इंजेरा मराठी माणसाला परकी वाटणार नाही. टेफ या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून, एकाच बाजूने भाजलेले ते जाळीदार आंबट घावन आहे. विरजणासाठी आधीच्या घाण्यावरचे पिवळे पाणी राखून ठेवतात. आंबवण्यात धान्यातल्या फायटिक आम्लाचे विघटन होते, आणि त्याने धरून ठेवलेले लोह व जस्त शरीराला मिळू शकते. आपली आंबोळीही याच वाटेने जाते.

वर्गात करून पाहण्यासारखे

वाळलेला साधा मका (लाह्यांचा किंवा स्वीट कॉर्न नव्हे) शंभर-शंभर ग्रॅम दोन स्टीलच्या भांड्यांत घ्या आणि प्रत्येकात तीनशे मिलिलिटर पाणी घाला. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे टाळा, चुन्याची त्याच्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. एका भांड्यात पानाला लावायचा ओला चुना वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या मिसळा. सगळा विरघळणार नाही, पाणी दुधाळ राहील; जसजसा विरघळलेला चुना वापरला जाईल तसतसा उरलेला विरघळत जाईल. दोन्ही भांडी मंद आचेवर चाळीस मिनिटे ठेवा आणि झाकून रात्रभर राहू द्या. चुना कातडीला चावतो आणि डोळ्यांना फार घातक आहे, म्हणून ढवळण्याचे आणि धुण्याचे काम शिक्षकांनी हातमोजे घालून करावे. हा मका खाण्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाण्यांत हळदीचा कागद बुडवा. एकात तो लाल होईल. मग पाणी ओतून, दाणे चार-पाच पाण्यांनी धुऊन विद्यार्थ्यांच्या हाती द्या आणि दोन्हींची टरफले अंगठ्याने चोळून पाहायला सांगा. रंगात फरक का पडला, वास कुठला आठवतो, वाटून थापल्यावर कोणता गोळा फाटतो, हे त्यांनी वहीत लिहावे. वेळ असल्यास तिसरे भांडे लावा आणि त्यात चुन्याऐवजी चुलीतली गाळलेली राख दोन चमचे घाला. चुना आणि राख यांपैकी कशाने टरफल आधी सुटते, हे मुलांना आधी अंदाजाने सांगू द्या.