मोकळ्या गोठ्यांतील दांडगाई व तिचा बंदोबस्त

दावणीचा गोठा व मोकळा गोठा यांत एक भेद आहे, तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दावणीला प्रत्येक गायीची जागा व गव्हाण ठरलेली असते. शेजारणीला मारावयाचें म्हटलें तरी दाव्याची लांबी आडवी येते. मोकळ्या गोठ्यांत दावें सुटलें, व त्याबरोबर दुबळ्या जनावराचें हें संरक्षणही सुटलें. पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगांव या बाजूस संकरित गायींचे मोकळे गोठे आतां जागोजाग दिसतात. मजुरी वांचते, गाय हिंडतीफिरती राहते, खुरें व सांधे चांगले राहतात, हे त्यांचे लाभ खरे आहेत. परंतु अशाच गोठ्यांत एखादी पहिलारू गाय विल्यानंतर दीड-दोन महिन्यांत हाडकते, दुधाला उतरते, आणि मालक तिला जंताचें औषध पाजीत बसतो. अशा वेळीं रोग तिच्या पोटांत आहे कीं शेजारणीच्या शिंगांत आहे, हें अगोदर पाहिलें पाहिजे.

कळपानें राहणाऱ्या जनावरांत लहानमोठेपणाचा एक क्रम असतो. नॉर्वेमधील थोरलीफ शेल्डरुप-एब्बे या शास्त्रज्ञानें कोंबड्यांचें बारकाईनें निरीक्षण करून, कोणती कोंबडी कोणतीस टोंचते याचाही नियम असतो, असें १९२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें. गायीम्हशींतही तसाच क्रम आढळतो. वय, वजन, शिंगें व त्या कळपांत काढलेले दिवस यांवर तो ठरतो. तो नेहमीं सरळ रेषेंत असतोच असें नाहीं. पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच, असाही प्रकार घडतो.

हा क्रम म्हणजे भांडण नव्हे. तो भांडणाचा शेवट आहे. एकदां तो ठरला म्हणजे थोरलीनें नुसतें डोकें खालीं घातलें कीं धाकटी बाजूला होते, व शिंगाला शिंग लावण्याचें कारण उरत नाहीं. तो मोडून सर्व गायींस सारखें करूं म्हटल्यास तें साधावयाचें नाहीं. दांडगाई माजते ती तीन प्रसंगीं : नवें जनावर कळपांत आलें असतां, खाण्यापिण्याची टंचाई असतां, आणि बाजूला होण्यास वाट नसतां. मुलांनीं हौसेनें पाळलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतही हेंच घडतें. दोन नरांस एकच ताटली व एकाच दाराचें लपण दिलें तर एकाचे कान फाटतात. दोन ताटल्या व दोन दारांचें लपण दिलें कीं तंटा पुष्कळ निवळतो.

आपल्या भागांत तिसऱ्या प्रसंगाचें महत्त्व विशेष आहे. जुन्नर-आंबेगांवच्या उसांत बिबट्याचा वावर असल्यामुळें रात्रीं गोठा चोहोंकडून बंद ठेवावा लागतो, व तें योग्यच आहे. पण जें कुंपण बिबट्याला बाहेर ठेवतें, तेंच दुबळ्या गायीला दांडगीबरोबर आंत कोंडतें. म्हणून कुंपणाच्या आंतच तिला निसटण्यास जागा असली पाहिजे.

दांडगाई ओळखण्यास जखमेची वाट पाहूं नये. वैरण टाकल्यावर अर्धा तास गोठ्यांत स्वस्थ उभें राहावें. कोण मागें उभी आहे, कोण दोन घांस घेऊन दचकून सरते, पाण्याच्या हौदावर कोण आडवी उभी राहते, व चिखलांत कोण बसते, हें पाहावें. मागून येणाऱ्या गायीस पाला व आंबोण संपून नुसतीं बुडखें उरलेलीं मिळतात. अथवा संधि मिळतांच ती घाईनें आंबोण गिळते व तिचें पोट बिघडतें. गायीला दिवसांतून दहा-बारा तास बसावें लागतें. सारखी उठविली जाणारी गाय रवंथ नीट करीत नाहीं व पायानें अधू होते. पहिलारू गायीची स्वतःची वाढही अद्याप चालू असते, म्हणून तिचें नुकसान दुहेरी होतें. मात्र माजावर आलेली गाय दुसरीवर चढते, किंवा कालवडी एकमेकींस डोकीं लावून खेळतात, यास दांडगाई समजूं नये.

आतां उपाय. पहिला गव्हाणीचा. मोठ्या गायीस गव्हाणीवर २४ ते ३० इंच जागा लागते. १० गायींस ३० इंचांप्रमाणें २५ फूट गव्हाण हवी. ती २० फूटच असेल तर दोघी मागें राहणार, व त्या रोज त्याच राहणार. जागा वाढवितां येत नसेल तर वैरण दिवसांतून अधिक वेळां टाकावी व आंबोण प्रत्येकीस निराळें द्यावें. दुसरा पाण्याचा. हौद एकच मोठा करण्यापेक्षां दोन लहान करावे, व ते एकमेकांपासून दूर ठेवावे. कोपऱ्यांत हौद कधींही बांधूं नये. तिसरा जागेचा. गायीमागें छपराखालीं सुमारें ३८ व उघड्यावर सुमारें ७५ चौरस फूट, हें किमान प्रमाण होय. शिंगें असलेल्या गायींस याहून अधिक द्यावें. अरुंद बोळ व बंद कोपरे ठेवूं नयेत. चौथा गटांचा. पहिलारू व विण्यास आलेल्या कालवडी यांचा कुंपण घालून निराळा गट केला असतां बहुतेक तक्रार तेथेंच संपते.

बाजारांतून आणलेली गाय तर लागलीच कळपांत सोडूंच नये. रोगाच्या भीतीस्तव तिला दोन-तीन आठवडे दूर ठेवावें. नंतर कांहीं दिवस मजबूत कुंपणाच्या पलीकडे बांधावें, म्हणजे वास व ओळख होते. सोडावयाची ती शक्य तर दुसऱ्या एखाद्या नव्या गायीबरोबर, संध्याकाळीं, सर्वांचीं पोटें भरल्यावर सोडावी. पहिले दोन-तीन दिवस ढुशा होतात. आठवड्याच्या आंत क्रम बहुधा ठरतो. या दिवसांत वारंवार गायी काढूं व घालूं नयेत, कारण प्रत्येक बदलानें झगडा नव्यानें सुरू होतो.

संकरित वासरांच्या शिंगांचे कोंब पहिल्या कांहीं आठवड्यांतच, जागा बधिर करवून, पशुवैद्याकडून काढवावे. खिल्लाराची गोष्ट निराळी. त्याच्या शिंगांतच त्याची किंमत आहे. शिंगांच्या व बिनशिंगांच्या गायी मात्र एकत्र ठेवूं नयेत.

दांडग्या गायीस काठीनें मारण्यांत अर्थ नाहीं. ती माणसाला बुजेल, पण शेजारणीला सोडणार नाहीं. तिला विकूनही काम भागत नाहीं. गव्हाण अपुरी असेल तर दुसरी गाय तिची जागा घेईल. एखादी खरोखरच पाठलाग करून मारणारी असेल, तर वैरणीच्या वेळीं तिला दाव्यानें बांधावें, अगर निराळी ठेवावी.

मोकळ्या गोठ्याचे आमच्या वाचकांनीं एवढें करावें : आठवड्यांतून एक दिवस प्रत्येक गायीचें दूध निरनिराळें मोजून लिहावें, व वैरणीच्या वेळीं मागें राहणाऱ्या गायींचीं नांवें त्याच्या शेजारीं लिहावीं. दोन्ही याद्यांत तेंच नांव वारंवार आलें, तर औषधाच्या बाटलीपूर्वीं गव्हाणीची लांबी मोजावी. कळपांतील मानपान गायींचा गायींनीं ठरवावा. सर्वांत धाकटीलाही पोटभर वैरण, पाणी व कोरडी जागा मिळेल अशी सोय करणें मात्र मालकाचें काम आहे.